दोन घरच्या मुंग्या

ये इकडं, मेहरून. जवळ येऊन बस. दारात उभं राहून बोलू नको, डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. आणि आज आधी मी बोलणार, मग तू.

असं कुणी जातं का गं? डोळ्याचा मोतीबिंदू काढून येते, आठ दिवस आरिफकडं राहते, नातींचे लाड करते, म्हणून नांदेडला गेलीस. जाताना मुंग्यांचा डबा माझ्या फडताळात ठेवलास, त्याच्यावर लाल कागद नीट बसवलास आणि म्हणालीस, "पानी बघत जा. शक्कर कमी दे. आन् उगं उघडून बघू नको, सुभद्रे." एवढंच. कापूस काळा पडला तर काय करायचं, ते सांगितलं नाहीस. वाळलेल्या माशांची काडेपेटी कुठं ठेवलीस, ते सांगितलं नाहीस. ती मला मागच्या हप्त्यात माझ्याच चहाच्या डब्यामागं सापडली. माझ्या घरात माशा लपवून गेलीस तू. मी विचारलं, "कवा येणार?" तर ऑटोत बसल्या बसल्या नुसता हात हलवलास. त्या हाताचा अर्थ मी आठ दिवस धरला.

तुझा चाळिसाव्या दिवसाचा फातिहा अजून व्हायचा आहे आणि मी तुला रागावून राहिले. पण तू समोर असतीस तरी रागावलेच असते. तीस वर्षं आपण दुसरं केलं तरी काय?

बाहेरच्या माणसाला हे येडेपणाचं वाटेल. दोन म्हाताऱ्या बाया, आणि पाळलेल्या मुंग्या. माझ्या मेसला जेवायला येणाऱ्या पोरी पहिल्या दिवशी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. "मावशी, लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात." मग एकेक पोरगी ताट घेऊनच डब्यापुढं बसायला लागली. विचारायच्या, "ह्या कुणाच्या?" मी सांगायचे, दोघींच्या. एक महिना हिच्याकडं, एक महिना माझ्याकडं. रमजानमध्ये मुंग्या माझ्याकडं, कारण रोज्याच्या दिवसांत तुझा इफ्तारीचाच पसारा असायचा. महालक्ष्म्यांच्या वेळी तुझ्याकडं, कारण माझ्या घरी पंधरा बाया, रांगोळी, आणि मुख्य म्हणजे हळद. त्या हळदीचं पुढं सांगते. मुंग्यांचं माहेर कुणाचं घर आणि सासर कुणाचं, यावर आपलं भांडण काही मिटलं नाही. तू म्हणायचीस, "सासर तुझंच. खायला कमी देतीस."

आपली ओळख भूकंपानं करून दिली. सगळी गल्ली तुझ्या कॉलेजच्या मैदानात पाल टाकून राहिली होती, घरात जायचं कुणाचं धाडस नव्हतं. मी माहेरच्या गावाहून आईचं करून परत आले होते आणि पंधरा दिवस माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. माझ्या माणसांना वाटलं, हिचं डोकं गेलं. तू शेजारच्या पालातली. तीन विटा मांडून चहा करायचीस, एक कप माझ्यापुढं ठेवायचीस आणि बोलत बसायचीस. कॉलेजातल्या बेडकांचं, आरिफच्या खोकल्याचं, सरकारी ताडपत्रीचं. मी नुसती ऐकायचे. आता बघ, उलटं झालं.

तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर. भाई, म्हणजे तुझे मालक, गेले तेव्हा आरिफ दोन वर्षांचा होता, त्यांच्या जागेवर तुला घेतलं. काचेच्या नळ्या धुवायच्या, बेडूक ट्रेमध्ये लावून द्यायचे, आणि सर शिकवायला लागले की दाराशी स्टुलावर बसायचं. सातवी शिकलेली तू, पण जीवशास्त्राचा एकेक धडा तीस वेळा ऐकलेला. पोरं एकदा ऐकून डॉक्टर झाली. तू तीस वेळा ऐकून मला शिकवत बसलीस. आणि तुझा एक नियम होता, कुठल्या सरांकडून उचललास माहीत नाही. बघितल्याबिगर बोलायचं न्हाई. शेजारणीची सून भांडकुदळ आहे असं मी म्हटलं, की तू लगेच, "बघितलं का तू? मग?" लई राग यायचा मला त्या "मग"चा.

तू रिटायर झालीस तेव्हा कॉलेजनं शाल आणि नारळ दिला, आणि तू चार परीक्षानळ्या मागून आणल्यास. तोवर गल्ली पार बदलली होती. आपण आलो तेव्हा इथं गोठे होते. आता प्रत्येक घरावर "मुलींसाठी खोल्या" अशी पाटी, चाकूरच्या, बिलोलीच्या, भोकरच्या पोरी डॉक्टर व्हायला येऊन राहिलेल्या, गच्चीगच्चीवर पाठांतर चालू. सगळी गल्ली अभ्यासाला लागली तसा तुलाही नाद लागला असेल. पावसाळ्यात एका दुपारी तू माझ्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी वाकून बसलेली. मी म्हटलं, काही पडलं का? तू बोट ओठांवर ठेवलंस. टाकीच्या कडेला एक मुंगळी चालली होती, नेहमीच्या मुंगळ्याच्या दुप्पट, जाड पोटाची.

"राणी हाय," तू म्हणालीस. "उडून आली, खाली उतरली, पंख आपल्या हातानं तोडून टाकले. आता हिला फकस्त अंधार पाहिजे."

अर्ध्या नळीत पाणी, मग कापसाचा बोळा, मग ती राणी, आणि तोंडाला परत बोळा. कपाटात ठेवायची आणि महिनाभर बघायचं नाही. मी विचारलं, "आन् खाईल काय?"

"कायच न्हाई. पंख हलवायचं मास अंगातच हाय ना तिच्या. आता उडायचं न्हाई, तर ते मास जिरवायचं आन् त्याच्यावर पोरं वाढवायची."

मी तुझ्याकडं बघितलं नाही. आरिफला कडेवर घेऊन प्रयोगशाळेत जाणारी तू मला आठवत होतीस. हे बोलायचं राहिलंच.

आता हळद. तुझ्या घरी रंगकाम निघालं म्हणून आठ दिवस ती नळी माझ्याकडं आली. उघडू नको म्हणालीस, आणि मी तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं. राणीच्या पोटापाशी पांढरे दाणे, पाच-सहा. अंडी घातलेली. आता तूच सांग, घरात पहिलटकरीण आली आणि तिला कोरडंच बसवायचं, हे आमच्यात होतं का? मी बोळा काढला, चिमूटभर हळदकुंकू तिच्यापुढं सोडलं, साखरेचे चार दाणे ठेवले आणि बोळा लावून टाकला. हात जोडले. मनाला लई बरं वाटलं.

दोन दिवसांनी ती पाण्याच्या बाजूच्या बोळ्याला चिकटून मेलेली होती. जितकं लांब जाता येईल तितकी लांब गेली होती बिचारी.

तू आलीस, नळी उजेडाला धरलीस, पिवळं बघितलंस.

"हळद टाकली तू? सुभद्रे, मुंग्या हळदीला भिऊन पळतेत, हे तुला ठावं न्हाई का? रोज टाकतीस की ओट्यावर, हाकलायला."

"ती हाकलायची असती," मी म्हटलं. "ही ओवाळायची होती."

मला वाटलं तू हसशील. तू तोंड उघडलंस पण, आणि तेवढ्यात मी रडायला लागले. थांबता थांबेना. एका मुंगीसाठी कुणी इतकं रडत नाही, हे तुझ्या लक्षात आलं. नळी बाजूला ठेवलीस, माझ्यासमोर फरशीवर बसलीस आणि म्हणालीस, "सांग."

तेव्हा मी तुला ते सांगितलं. आमच्या मालकांना नाही, पोरांना नाही, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

महालक्ष्म्या उठल्यावर मी दोन दिवस माहेरी गेले होते. किल्लारीच्या अंगाला आमचं गाव. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. गणपती बोळवायचा दिवस होता. मला दुपारच्या एसटीनं लातूरला परतायचं होतं, पोरांची शाळा होती. निघता निघता आईनं हाक मारली. चुलीमागच्या भिंतीतून मुंग्या निघाल्या होत्या, रांगच्या रांग, एकेकीच्या तोंडात पांढरं अंडं. उंबऱ्याकडं चालल्या होत्या. आई म्हणाली, "बघ गं, घर सोडून चालल्यात. काय तरी हाय. आजचा दिस ऱ्हा की." मी म्हटलं, "मुंग्याच की, आई." एसटी चुकेल ह्या घाईत मी हळदीच्या डब्यात हात घातला आणि उंबऱ्यावर आडवी रेघ ओढली. मुंग्या थबकल्या. तोंडातली अंडी घेऊन मागं फिरल्या आणि भिंतीत शिरल्या. आईला म्हटलं, "बघ, गेल्या. झालं?" आणि मी निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच भिंत आईवर आली.

लोक म्हणत होते, मुक्या जिवांना आधी कळतं. ज्यानं त्यानं काही ना काही सांगितलं, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, कुणाचं कुत्रं रडत होतं. मी ऐकायचे आणि मला ती पिवळी रेघ दिसायची. त्या मुंग्या अंगणात गेल्या असत्या तर आई त्यांच्यामागं गेली असती. अंगणात बाज टाकून पडली असती. मी मुंग्यांना परत पाठवलं आणि आईलाही.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुझी काय चूक, नशीब एकेकाचं. तू पदराला, म्हणजे तुझ्या ओढणीला, हात पुसत बसलीस. मग म्हणालीस, "तुझी बात झूट हाय असं मी म्हणत न्हाई. खरी हाय असं बी म्हणत न्हाई. मुंग्यांला भूकंप कळतो, हे बघितलं का कुनी?"

"लोक म्हणतात."

"लोक म्हणतेत. बघितलं का?"

"न्हाई."

"मग? पाळू. बघू."

तुझा राग आला होता मला त्या दिवशी. मी आईचं सांगितलं आणि तू मुंग्या पाळायचं बोलतीस. पण खरं सांगू, समजूत घातली असतीस तर मी ती ऐकून विसरून गेले असते. तू माझ्या दुखण्याला काम लावून दिलंस.

दुसरी राणी तूच धरलीस, तुझ्या गटारीच्या कडेला. ह्या खेपेला कपाटाला कुलूप, आणि किल्ली तुझ्या कमरेला. दीड महिन्यानं बोलावलंस. नळीत आधी अळ्या, मग तपकिरी कोष, आणि मग एक दिवस बारीकशी, फिकट, काचेसारखी मुंगी, पाय कसे टाकावे हे न कळणारी. मी म्हटलं, केवढी बारीक गं. तू म्हणालीस, "पहिली पोरं अशीच. आईनं उपाशी राहून काढलेली हायत." मग पाच झाल्या, मग अकरा. पुढं मिठाईचा पारदर्शक डबा घेतला, नळी त्यात आडवी ठेवली, वर चढू नयेत म्हणून काठाला अंगाची पावडर कालवून लावली. लाल जिलेटीनचा कागद माझा, गणपतीच्या मखरातला उरलेला. मुंग्यांना लाल दिसत नाही, त्यांना अंधारच वाटतो, म्हणालीस. मी विचारलं, "तू मुंगी हायस का? बघितलं का?" तेव्हा मात्र तू हसलीस.

आणि मग खाण्यावरून भांडण. आम्ही लिंगायत, घरात अंडं यायचं नाही. तू उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा बलक कागदात बांधून आणलास.

"हे नक्को, मेहरून. माझ्या घरात न्हाई."

"तुझ्यासाठी न्हाई गे. हिच्या पोरांसाठी हाय."

"पोरं माझ्या घरात हायत, तर माझ्या घरचं खातील."

महिनाभर मी साखरपाणी दिलं, गुळाचं पाणी दिलं, एकदा पुरणही दिलं. महिना संपला, तू डबा उचलून डोळ्यापाशी धरलास आणि म्हणालीस, "बघ, वाळली पोरं. मोठ्या मुंग्यांला गोड चालतं, बारक्यांला मास लागतं. तुझ्या धरमात पोरं उपाशी मारतेत का?" मला ते लागलं. मग आपला ठराव झाला. मी मारणार नाही, पण आपोआप मेलेली माशी सापडली तर देईन. तू म्हणालीस, "चालंल. कशानं मेली तेवढं विचारू नको." तेव्हापासून ती काडेपेटी.

भोकरची अंजली आठवते? सराव परीक्षेत मार्क कमी पडले की जेवायची नाही, डब्यापुढं बसून राहायची. एकदा तिनं फोनवर काही वाचलं आणि धावत आली, "मावशी, ह्यात लिहिलंय, प्राण्यांना भूकंप आधी कळतो." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तू तिला विचारलंस, "फोननं बघितलं का?" ती म्हणाली, "फोन कसा बघेल?" "मग? जेव आधी."

तू तेव्हा माझ्याकडं बघत होतीस. पोरीला काय माहीत आपण मुंग्या कशासाठी पाळल्यात.

आता जे सांगायला बसले ते सांगते. दोन वर्षांमागची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. मी कणीक तिंबत होते. मांडणीवरची ताटं वाजली, खणखणखण, खालून कुणी टिचकी मारावी तशी. एवढंच. नंतर कळलं, नांदेड, हिंगोलीकडंही जाणवलं म्हणून. पोरी पुस्तकं टाकून जिन्यावरून उतरल्या, गल्लीत गलका झाला. मी तशीच परातीपुढं बसलेली. हाताला कणीक, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती रेघ. तो महिना मुंग्या तुझ्याकडं होत्या.

आणि तू आलीस. तुला पळताना मी कधी बघितलं नव्हतं, तुझ्या गुडघ्यांनी कुठलं पळणं. डोक्यावरची ओढणी खांद्यावर आलेली, श्वास लागलेला. दारात उभी राहून, बसायच्या आधीच म्हणालीस, "मी बघत होते. सकाळधरनं डब्यापुढंच बसले होते. एक बी हलली न्हाई, सुभद्रे. अंडे जिथल्या तिथं. हादऱ्याच्या आधी न्हाई, नंतर बी न्हाई. मुंग्यांला काय कळत न्हाई. ऐकलं का? कायबी कळत न्हाई."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं. मी मान वर केली, आणि तुझ्या हातातली पिशवी बघितली.

मेथीची जुडी होती. वर कोथिंबीर. भाजीवाल्यानं नुकतंच मारलेलं पाणी पिशवीतून माझ्या उंबऱ्यावर गळत होतं. आणि तू आली होतीस गल्लीच्या खालच्या टोकाकडून, बाजाराकडून. तुझं घर वरच्या टोकाला.

तू डब्यापुढं नव्हतीस. बाजारात होतीस. हादरा बसला तशी तू घर बघायला गेली नाहीस, मुंग्या बघायलाही गेली नाहीस. दोन वर्षं रोज त्या डब्यापुढं बसलीस, आणि ज्या घटकेसाठी बसलीस ती घटका आली तेव्हा त्यांच्याकडं पाठ करून माझ्याकडं आलीस. बघितल्याबिगर कधी एक शब्द न बोललेली बाई.

मी म्हटलं, "बस. चहा टाकते." तू पिशवी पायानं ओट्याखाली सरकवलीस. मी ती बघितली नाही असं केलं. आपण चहा प्यालो, पोरींना आत बोलावलं, पोळ्या केल्या. खोटं आहे हे माहीत असूनही माणूस हलकं होतं का, हे मी किती वेळा स्वतःला विचारलं. मी तर झाले. गुडघे धरून चालणारी बाई माझ्यासाठी बाजारातून पळत आली, मला तेवढं पुरलं.

विचारलं का नाही, म्हणशील. विचारलं असतं तर तुला खरं सांगावं लागलं असतं. मग ते खोटं मोडलं असतं, आणि मला ते पाहिजे होतं.

आरिफचा फोन दुपारी आला. डोळ्याचं चांगलं झालं होतं म्हणे, पट्टी निघाली होती, आणि चौथ्या दिवशी छातीत कळ आली. मी मिळेल त्या एसटीनं नांदेड गाठलं. पोचले तोवर तुला नेलं होतं. तुमच्यात थांबवत नाहीत, मला माहीत आहे, मी त्यावरून रागावले नाही. आरिफनं मला तुझ्या पलंगावर बसवलं. उशाशी तो डोळ्यांचा काळा चष्मा होता. आरिफ म्हणाला, "मावशी, अम्मी काल सांगत होती, सुभद्रेला फोन लाव, कापूस काळा पडला का विचार. मी म्हटलं, उद्या लावतो." आणि तो एवढा मोठा माणूस रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "कापूस पांढराशुभ्र हाय, बाळा. सकाळीच बघितला." मी चार दिवस कपाट उघडलं नव्हतं, मेहरून. तू उघडू नको म्हणाली होतीस. तुझ्या पलंगावर बसून मीही बघितल्याबिगर बोलले.

परतीच्या एसटीत मला आपली जुनी मस्करी आठवली. आमच्यातही पुरतातच, पण बसवून. तू विचारायचीस, "तुमच्यात बसवतेत कायकू गे?" मी म्हणायचे, "उठायला सोपं." तू म्हणायचीस, "न्हाई. तुला बोलायला सोपं." शेजारच्या सीटवरची बाई माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा कळलं की मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं.

घरी येऊन लाल कागद उचलला. कापूस काळा पडला होता. नळीतलं पाणी संपत आलेलं. तू असतीस तर दोन शब्दांत सांगितलं असतंस. मला आठवेल तसं केलं. तुझ्या उरलेल्या नळीत पाणी भरलं, बोळा लावला, ती जुनीच्या शेजारी ठेवली. लाल कागद नवीवर घातला, जुनी उजेडात उघडी ठेवली. आणि उगं उघडून बघू नको हे तुझं ऐकलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरींची ताटं वाढता वाढता नजर गेली. मुंग्या निघाल्या होत्या. रांगच्या रांग, एकेकीच्या तोंडात पांढरं अंडं. अगदी तशाच, मेहरून. हळदीचा डबा माझ्या हातापासून वीतभर होता. मी डाव खाली ठेवला आणि फरशीवर बसले. पोरींना म्हटलं, आपापलं वाढून घ्या. मी बघत राहिले. जुन्या नळीतून निघून डब्याच्या कडेकडेनं नव्या नळीत. अंडी झाली, मग अळ्या, मग ते कोष, दोघी-दोघी मिळून ओढत. राणी मधेच कधीतरी निघाली, बाकीच्यांच्या गर्दीत, काही घाई नाही. वाटेत कुणी रेघ ओढली नाही. सगळ्या गेल्या.

मग मी दोन दिवस वाट बघितली. दार उघडं ठेवलं, पोरींना जिन्यात गर्दी करू नका म्हटलं. त्यांना वाटलं मावशीला उकडतंय. ताटं वाजली नाहीत. काही झालं नाही. इकडं ओल संपली होती, तिकडं ओल होती, म्हणून त्या गेल्या.

हे मी बघून सांगते. तेवढंच बघितलं, तेवढंच सांगते. आईच्या चुलीमागच्या त्या भिंतीत त्या दिवशी काय होतं, मला कळणार नाही. आई म्हणत होती ते मुंग्यांचं होतं, का तिला नुसती लेक आणखी एक दिवस पाहिजे होती, तेही कळणार नाही. न कळताही आता घास गिळतो. हे तुला सांगायचं होतं. आणि पिशवी बघितली होती, हे सांगायचं होतं. दोन्ही एकदमच सांगते, म्हणजे तू दुसऱ्यावरून भांडायला लागलीस तर पहिलं मधे घालता येईल.

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. आरिफ म्हणाला, मावशी, सध्या तसंच राहू दे. मी परवा जाऊन झाडून आले. तुझ्या खिडकीतली मुंग्यांची जागा पुसली. रमजानचं किंवा महालक्ष्म्यांचं काही नाही, साधा महिना आहे, आणि माझा संपला. आता बारी तुझी. पंच्याऐंशी-नव्वद झाल्यात, मोजू देत नाहीत. माशा संपत आल्यात, आणि मी मारणार नाही हे तुला माहीत आहे. तुझा डोळा आता साफ झालाय, नळी चष्म्याशिवाय दिसेल, त्या पाय कसे टाकतात ते नीट बघशील तरी.

तेव्हा ये लवकर. किती दिवस बसशील तिकडं नांदेडला? चहाचं आधण टाकून ठेवते. आणि वरच्या टोकाकडूनच यायला पाहिजे असं काही नाही, मेहरून. बाजाराकडून आलीस तरी चालेल.